टायनी हाऊस म्हणजे काय? ऑनलाइन जमलेल्या तरुणांनी घराचे नियम कसे बदलले?

तुमच्या फीडमध्ये हे घर एकदा तरी येऊन गेलं असेल. उतरत्या छपराचं, लाकडी, खाली चाकं असलेलं. आत शिरल्यावर एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला सोफा, सोफ्याखाली कपाट, जिन्याच्या प्रत्येक पायरीत एक खण आणि वर माळ्यावर गादी. मागे डोंगर, समोर तळं. आणि खाली हमखास एक मराठी कॉमेंट : ‘आमच्याकडे याला वन आरके म्हणतात!’

विनोद चांगला आहे. पण या घरामागची गोष्ट फक्त सुंदर व्हिडिओंची नाही. काही मोजक्या लोकांनी सुरू केलेली ही कल्पना तरुणांनी इंटरनेटवर उचलून धरली, एकमेकांच्या चुकांमधून तिचं डिझाइन सुधारलं आणि शेवटी अमेरिकेच्या बांधकाम नियमावलीत तिच्यासाठी वेगळी जागा करून घेतली. हे कसं घडलं, अशी घरं खरंच पर्यावरणपूरक असतात का आणि चाळीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचं काय, हे समजून घेऊ.

टायनी हाऊस नेमकं कशाला म्हणतात?

अमेरिकेच्या नियमावलीतली व्याख्या सोपी आहे : माळा सोडून ४०० चौरस फूट किंवा त्याहून कमी क्षेत्रफळाचं घर. प्रत्यक्षात अनेक टायनी हाऊस यापेक्षा बरीच लहान, १०० ते ३०० चौरस फुटांची असतात.

त्यांचे दोन प्रकार आहेत. एक पायावर बांधलेलं, म्हणजे नेहमीसारखंच पण लहान घर. दुसरं ट्रेलरवर बांधलेलं, गाडीला जोडून दुसरीकडे नेता येणारं. रीलमध्ये दिसतं ते बहुतेक वेळा हे दुसरं.

चाकांवरच्या घराचा आकार आर्किटेक्टच्या आधी रस्ता ठरवतो. खास परवानगी न काढता रस्त्यावरून न्यायचं तर रुंदी साधारण साडेआठ फूट आणि उंची साडेतेरा फूट एवढ्यातच बसवावी लागते. घर लांबट का, झोपायची जागा माळ्यावर का, प्रत्येक वस्तूला दोन-तीन कामं का, या सगळ्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मोठ्या घरांच्या देशात छोटं घर का आलं?

अमेरिकेच्या जनगणना विभागाची आकडेवारी बघा. १९७३ मध्ये तिथे बांधल्या जाणाऱ्या नव्या स्वतंत्र घराचं सरासरी क्षेत्रफळ १,६६० चौरस फूट होतं. २०१५ मध्ये ते २,६८७ चौरस फुटांवर गेलं. याच काळात घरातल्या माणसांची सरासरी संख्या मात्र तीनवरून अडीचवर आली. माणसं कमी झाली आणि खोल्या वाढल्या.

याला विरोध करणारे सूर आधीपासून होते. आर्किटेक्ट सारा सुसांका यांचं ‘द नॉट सो बिग हाऊस’ हे पुस्तक १९९८ मध्ये आलं. १९९९ मध्ये आयोवा राज्यात जे शेफर यांनी स्वतःसाठी ट्रेलरवर एक अगदी छोटं घर बांधलं. चाकं लावण्यामागे प्रवासाची हौस नव्हती. एवढं लहान घर जमिनीवर बांधणं नियमांत बसत नव्हतं, कारण घर किमान किती मोठं असावं हे ठरलेलं होतं. चाकं लावली की ते कागदोपत्री घर राहत नाही, वाहन होतं. पुढे शेफर यांनी टंबलवीड ही कंपनी काढून अशा घरांचे नकाशे विकायला सुरुवात केली. २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या डी विल्यम्स यांनी ८४ चौरस फुटांचं घर स्वतःच्या हातांनी बांधलं.

तरीही २००८ पर्यंत ही काही हौशी लोकांचीच गोष्ट होती. त्या वर्षीच्या आर्थिक संकटानंतर चित्र बदललं. हप्ते थकल्यामुळे लाखो कुटुंबांची घरं बँकांनी ताब्यात घेतली. नोकऱ्या गेल्या. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या शैक्षणिक कर्जाची एकूण रक्कम एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली. कॉलेजमधून कर्ज घेऊनच बाहेर पडलेल्या पिढीसमोर तीस वर्षांच्या गृहकर्जाचा पर्याय होता. ‘एवढं मोठं घर हवंय कशाला?’ हा प्रश्न त्यांच्यासाठी तत्त्वज्ञानाचा नव्हता, हिशोबाचा होता.

इंटरनेटने काय केलं?

घर बांधणं हे पूर्वी गवंडी, सुतार आणि कंत्राटदार यांच्या ताब्यातलं ज्ञान होतं. ते उघडं झालं. ‘टायनी : अ स्टोरी अबाउट लिव्हिंग स्मॉल’ हा माहितीपट २०१३ मध्ये आला. बांधकामाचा काहीही अनुभव नसलेला एक तरुण आपल्या जोडीदाराच्या मदतीने कोलोरॅडोमध्ये असं घर बांधतो, ही त्याची गोष्ट. साधारण त्याच काळात न्यूझीलंडच्या ब्राइस लँगस्टन यांनी ‘लिव्हिंग बिग इन अ टायनी हाऊस’ हे यूट्यूब चॅनल सुरू केलं. २०१४ पासून अमेरिकी टीव्हीवर याच विषयाचे कार्यक्रम येऊ लागले.

पण खरी ताकद कार्यक्रमांपेक्षा नवख्या लोकांच्या देवाणघेवाणीत होती. कोणी खर्चाची यादी टाकायचं, कोणी नकाशा, कोणी छप्पर गळल्याचा व्हिडिओ. त्यातून डिझाइनमध्ये नेमके काय बदल झाले ते पाहू.

शिडी जाऊन जिना आला. सुरुवातीच्या अनेक घरांत माळ्यावर जायला शिडी असे. रात्री झोपेत उतरताना, आजारपणात किंवा कुत्रा-मांजर सोबत असताना ती किती त्रासाची ठरते, हे राहणाऱ्यांनीच सांगितलं. मग जिना आला. तो जागा खातो, म्हणून प्रत्येक पायरीत खण आला. आज जी युक्ती बघून आपण व्हिडिओ सेव्ह करतो, तिचा जन्म या तक्रारीतून झाला.

दमट हवेचा प्रश्न पुढे आला. थंडीच्या प्रदेशात घर हवाबंद ठेवतात. मोठ्या घरात दोन माणसांचा श्वास, स्वयंपाक आणि अंघोळ यांची वाफ विरून जाते. २०० चौरस फुटांत ती जिरायला जागाच नसते. सकाळी काचांवर पाणी, गादीखाली ओल आणि काही महिन्यांत बुरशी. त्यामुळे शिळी हवा बाहेर टाकताना तिची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारी यंत्रणा बसवायची पद्धत रूढ होत गेली. गादीखाली हवा खेळती राहील अशा पट्ट्या आल्या.

वजनाचा हिशोब शिकावा लागला. ट्रेलर किती वजन पेलतो याला मर्यादा असते. ग्रॅनाइटचा ओटा, जाड लाकूड, पाण्याची भरलेली टाकी हे सगळं एका बाजूला आलं तर गाडी रस्त्यावर झोल खाते. त्यामुळे सामान हलकं आणि दोन्ही बाजूंना तोलून बसवणं हा डिझाइनचा भाग झाला.

पाणी आणि वीज मोजून वापरणं आलं. जिथे गटाराची जोडणी नाही तिथे कंपोस्ट शौचालय, छपरावर सौर पॅनल, पावसाच्या पाण्याची टाकी. बॅटरी किती उरली आणि टाकीत किती पाणी आहे हे रोज दिसलं की वापर आपोआप कमी होतो, असं अशा घरांत राहणारे अनेक जण सांगतात.

अडचण कायद्याची होती

डिझाइन सुधारलं, पण यातली कित्येक घरं बेकायदाच होती किंवा कायद्याच्या फटीत उभी होती. चाकांवरचं घर वाहन मानलं जायचं, आणि वाहनात कायमचं राहायला बहुतेक शहरांत परवानगी नव्हती. शेजाऱ्याने तक्रार केली की नोटीस. जमिनीवर बांधावं, तर जिना किती रुंद, छत किती उंच हे नियम मोठी घरं डोळ्यांसमोर ठेवून केलेले. तीन फूट रुंदीचा जिना २०० चौरस फुटांत घातला तर राहायचं कुठे?

काही शहरांनी दारं उघडली. टेक्सासमधल्या स्पर या गावाने २०१४ मध्ये टायनी हाऊसचं जाहीर स्वागत केलं. वस्ती घटत चाललेल्या त्या गावाला माणसं हवीच होती. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराने २०१६ च्या सुरुवातीला चाकांवरच्या घराला मूळ घराच्या अंगणातलं दुसरं घर म्हणून मान्यता दिली. पण एकेका शहराशी भांडून देशभराचा प्रश्न सुटणार नव्हता.

अमेरिकेतली बहुतेक राज्यं घरांच्या बांधकामासाठी ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ ही नमुना नियमावली आधार म्हणून घेतात. दर तीन वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते. तिच्यात बदल सुचवायला मंत्री किंवा बिल्डर असावं लागत नाही, प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. फक्त तो ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या नमुन्यात आणि प्रत्येक आकड्याच्या समर्थनासह मांडावा लागतो.

ओरेगॉनमधले बांधकाम शिक्षक अँड्र्यू मॉरिसन यांनी हे काम हाती घेतलं. ते स्वतः सुमारे २०० चौरस फुटांच्या घरात राहायचे आणि त्यांच्या घराचे व्हिडिओ इंटरनेटवर गाजले होते. त्यांच्यासोबत होते मार्टिन हॅमर. गवताच्या गठ्ठ्यांनी बांधलेल्या भिंतींना याच नियमावलीत जागा मिळवून देण्याचा अनुभव या आर्किटेक्टच्या गाठीशी होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये कॅन्सस सिटीतल्या सुनावणीत प्रस्ताव मांडला गेला. त्यानंतर सरकारी प्रतिनिधींचं ऑनलाइन मतदान झालं. प्रस्ताव मंजूर झाला आणि २०१८ च्या आवृत्तीत ‘अपेंडिक्स क्यू’ म्हणून छापला गेला.

त्यात काय आहे?

• राहण्याच्या खोलीत छत ७ फुटांऐवजी ६ फूट ८ इंच चालेल. स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये ६ फूट ४ इंच.
• झोपण्यासाठी माळा वापरता येईल, पण तो किमान ३५ चौरस फुटांचा हवा.
• माळ्यावर जायला अरुंद जिना किंवा शिडीही चालेल. तिच्या पायऱ्या आणि उतार यांचे आकडे ठरवून दिलेत.
• आग लागली तर माळ्यावरून थेट बाहेर पडता येईल अशी छपरातली खिडकी असावी. तिची खालची कड माळ्याच्या जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नसावी.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नियमाने सुरक्षितता सैल केली नाही, छोट्या जागेला शोभेल अशी नव्याने मांडली. फोटोत माळ्यावरची खिडकी आकाश बघायला असते. नियमावलीत ती जीव वाचवायला आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. हे परिशिष्ट आपोआप लागू होत नाही, राज्याने किंवा शहराने ते वेगळं स्वीकारावं लागतं. मेन आणि जॉर्जिया यांसारख्या राज्यांनी ते स्वीकारलं. आणि हे नियम पायावरच्या घरांसाठी आहेत. चाकांवरच्या घरांची लढाई अजून शहराशहरांत चालू आहे. लॉस एंजेलिसने २०१९ च्या शेवटी त्यांना परवानगी दिली.

याच वाटेने माती, वाळू आणि गवत कालवून बांधलेल्या भिंतींनाही २०२१ च्या आवृत्तीत स्वतंत्र परिशिष्ट मिळालं. आपल्या आज्जीच्या घराची भिंत अमेरिकेत अशी ‘कोड’मध्ये बसली.

छोटं घर खरंच पर्यावरणपूरक असतं का?

बऱ्याच अंशी हो, आणि कारण साधं आहे. घर ‘हिरवं’ करायच्या चर्चेत आपण बांबू, सौर पॅनल, खास काच यांच्याबद्दल बोलतो. पण घर किती मोठं आहे, हा मुद्दा त्या सगळ्यांच्या आधी येतो. ओरेगॉन राज्याच्या पर्यावरण विभागाने २०१० मध्ये घरांच्या पूर्ण आयुष्याचा अभ्यास करून घेतला. त्यात साहित्य, बांधकाम, सत्तर वर्षांचा वापर आणि पाडकाम असं सगळं धरलं होतं. घराचा आकार निम्मा केला तर हरितगृह वायूंचं उत्सर्जन सुमारे ३६ टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं.

निम्मं घर म्हणजे निम्मं उत्सर्जन का नाही? कारण स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्हीकडे लागतंच. शिवाय लहान घराला आतल्या जागेच्या मानाने भिंती आणि छप्पर जास्त असतात, त्यामुळे दर चौरस फुटामागे उष्णतेची गळती जास्त होते. एकूण आकडा तरीही बराच कमी राहतो.

दुसरा अभ्यास व्हर्जिनिया टेकच्या मारिया सॅक्स्टन यांचा. मोठ्या घरातून टायनी हाऊसमध्ये गेलेल्या सुमारे ८० जणांच्या सवयी त्यांनी तपासल्या. आपण वापरतो ते सगळं पुरवायला किती जमीन लागते, हे मोजणाऱ्या मापाला इकॉलॉजिकल फूटप्रिंट म्हणतात. या लोकांचा तो सरासरी ४५ टक्क्यांनी घटला होता. फक्त वीज नव्हे, खरेदीही कमी झाली, कारण नवी वस्तू ठेवायला जागाच नव्हती.

पण याच अभ्यासात उलट गोष्टीही दिसल्या. ओटा लहान म्हणून काही जण बाहेर जास्त जेवू लागले. काहींचा प्रवास वाढला. कचरा वेगळा साठवायला जागा नाही म्हणून काहींनी रिसायकलिंग कमी केलं. म्हणजे घर छोटं झालं की माणसाच्या सगळ्या सवयी सुधारतात असं नाही.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी

पहिली, जमीन. घर स्वस्त असतं, पण ते उभं कुठे करायचं? व्हिडिओत सांगितलेल्या खर्चात जमिनीची किंमत बहुतेक वेळा धरलेली नसते. अनेक जण नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या अंगणात राहतात. ज्याला असं अंगण नाही, त्याच्यासाठी हिशोब वेगळा होतो.

दुसरी, कर्ज आणि विमा. चाकांवरच्या घराला साधं गृहकर्ज सहसा मिळत नाही. वाहनासारखी त्याची किंमत वर्षागणिक उतरू शकते.

तिसरी, आयुष्यातले बदल. मूल झालं, आईवडील राहायला आले, गुडघे दुखायला लागले की माळा अवघड होतो.

चौथी बाजू मात्र रीलमध्ये फार दिसत नाही, पण महत्त्वाची आहे. वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया इथे २०१३ मध्ये ‘क्विक्सोट व्हिलेज’ उभं राहिलं. बेघर लोकांसाठी १४४ चौरस फुटांची ३० छोटी घरं आणि सगळ्यांसाठी मिळून एक मोठं स्वयंपाकघर. तिथे छोटं घर ही जीवनशैली नाही, तंबूतून दाराला कडी असलेल्या खोलीत येणं आहे.

आणि आपलं वन आरके?

आता त्या कॉमेंटकडे परत येऊ. मुंबईत बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे पिढ्यानपिढ्या पाच-सहा माणसं राहिली. पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, आणि त्याचा आनंद खरा आहे. एका देशात २०० चौरस फुटांत जाणं म्हणजे सुटका, दुसऱ्या शहरात १६० मधून बाहेर पडणं म्हणजे सुटका. फरक आकाराचा नाही, निवडीचा आहे. त्यामुळे टायनी हाऊसचे फोटो दाखवून ‘बघा, लहान जागेतही सुखी राहता येतं’ असं चाळकऱ्यांना किंवा झोपडपट्टीतल्या कुटुंबांना सांगणं चूक आहे. अमेरिकेत दोन माणसांसाठी असलेली जागा आणि इथे सहा माणसांना मिळालेली जागा यांची तुलना होत नाही. शिवाय रीलमधल्या घराला चारही बाजूंनी उजेड, वारा आणि मोकळं अंगण असतं. दाट वस्तीतल्या खोलीला बऱ्याचदा एकच खिडकी असते, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी.

जागा वाचवण्याच्या युक्त्या तर चाळीला शिकवायची गरजच नाही. पोटमाळा, भिंतीला लावलेला घडीचा पलंग, पलंगाखालच्या ट्रंका, गॅलरीत सरकवलेला संसार हे सगळं आपल्याकडे कधीपासून आहे.

मग घेण्यासारखं काय?

• घर बांधत किंवा विकत घेत असाल तर ‘किती बेडरूम’ याच्या आधी ‘रोज वापरात येतील अशा किती खोल्या’ हा प्रश्न विचारा. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठीची खोली वर्षभर सिमेंट, वीज आणि हप्ता खाते.
• लहान घरात हवा खेळती ठेवणं सजावटीपेक्षा महत्त्वाचं. कपाटं बसवताना समोरासमोरच्या खिडक्या बुजवू नका.
• माळा करत असाल तर तिथून बाहेर पडायचा दुसरा मार्ग आहे का ते आधी बघा.
• ‘अमुक लाखांत घर’ असा व्हिडिओ पाहिला की तीन गोष्टी विचारा : जमीन धरली आहे का, मजुरी कोणी केली, आणि परवानगी आहे का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत कंटाळवाणा वाटतो, पण या चळवळीचा खरा धडा त्यातच आहे. लाखो लाइक्सनी घर कायदेशीर झालं नाही. काही लोकांनी नियमावली उघडून कोणता आकडा आड येतोय ते शोधलं, त्याला पर्यायी आकडा सुचवला आणि मुदतीत अर्ज दाखल केला, तेव्हा ते झालं.

आपल्याकडेही अशी खिडकी उघडते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आला किंवा विकास नियमांत बदल करायचा असला की नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्यासाठी साधारण महिनाभराची मुदत असते. वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात येते, पालिकेच्या संकेतस्थळावर एक पीडीएफ पडते आणि बहुतेकांना कळायच्या आत मुदत संपते. पुढच्या वेळी ती पीडीएफ दिसली तर रीलसारखीच सेव्ह करा, ग्रुपवर टाका आणि मुदत संपायच्या आत एक तरी सूचना पाठवा.